उस्मानिया : आपल्याही घरचा इतिहास

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा इतिहास सांगायचा झाला की आपण १८५७ सालच्या मुंबई विद्यापीठापासून सुरुवात करतो. मग १९२३चे नागपूर, १९४९चे पुणे, १९५८चे मराठवाडा, अशी रांग लागते. या रांगेत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. १९५८च्या आधी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांतला मुलगा पदवीधर व्हायचा तो कोणत्या विद्यापीठाचा? काही मुले पुण्याला, नागपूरला, बनारसला जात. पण घरच्या सरकारचे विद्यापीठ एकच होते, हैदराबादचे उस्मानिया. त्याचा इतिहास आपण परक्या राज्याचा म्हणून बाजूला ठेवतो. खरे तर तो आपल्याही घरचा आहे आणि आज मराठीतून उच्च शिक्षण देण्याच्या ज्या गोष्टी आपण करतो आहोत, त्यांच्यासाठी त्यात बरेच शिकण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निजामाच्या राज्यात स्वतःचे विद्यापीठ नव्हते. हैदराबादचे निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते. शिक्षण इंग्रजीत, परीक्षा मद्रासची, आणि नापासांची संख्या मोठी. अशा वेळी १९१७ साली अकबर हैदरी नावाच्या अधिकाऱ्याने निजाम मीर उस्मान अली खान यांना एक निवेदन सादर केले. हैदरी मूळचे मुंबईचे, सुलेमानी बोहरा कुटुंबातले, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेले. त्यांचे म्हणणे असे की, विद्यार्थ्याची निम्मी शक्ती परकी भाषा समजून घेण्यातच खर्च होते आणि विषयापर्यंत तो पोचतच नाही. तेव्हा शिक्षण देशी भाषेतून द्यावे आणि इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवावा. २६ एप्रिल १९१७ रोजी निजामाचे फर्मान निघाले. १९१८ साली विद्यापीठ रीतसर स्थापन झाले आणि १९१९मध्ये वर्ग भरू लागले. माध्यम होते उर्दू.

या निर्णयाचे मोल समजायचे असेल तर त्या वेळचे चित्र डोळ्यांपुढे आणायला हवे. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांत देशी भाषांना नुसते स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले होते. १९१६ साली महर्षी कर्वे यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले आणि त्यात मराठीतून शिकवायला सुरुवात केली. देशी भाषेचा मान प्रथम त्यांचाच. पण कर्व्यांच्या पाठीशी सरकार नव्हते, देणगीदार होते. त्यांच्या पदवीला सरकारी मान्यता मिळायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. उस्मानियाच्या पाठीशी मात्र एका मोठ्या संस्थानाचा खजिना होता. वैद्यक, कायदा, विज्ञान, पुढे अभियांत्रिकी, सगळे उर्दूतून शिकवण्याचा हा घाट होता. रवींद्रनाथ ठाकुरांनी हैदरींना पत्र लिहून या प्रयोगाचे मनापासून स्वागत केले.

पण शिकवायचे कशातून? पुस्तकेच नव्हती. म्हणून विद्यापीठाचे वर्ग भरण्याच्या आधी, १९१७मध्येच, ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर विभाग उघडण्यात आला. मला या क्रमाचे फार अप्रूप वाटते. आधी भाषांतराचे दालन, मग विद्यापीठ. त्याचे पहिले प्रमुख होते मौलवी अब्दुल हक. अब्दुल माजिद दर्याबादी, जफर अली खान, ‘उमराव जान अदा’चे लेखक मिर्झा हादी रुसवा, कवी नज्म तबातबाई, पुढे जोश मलीहाबादी अशी माणसे या विभागात नोकरीला होती. कवी आणि कादंबरीकार सकाळी कचेरीत येऊन रसायनशास्त्र, इंग्लंडचा इतिहास, तर्कशास्त्र यांची भाषांतरे करीत किंवा तपाशीत. एकूण तीनशेहून अधिक ग्रंथ या विभागातून तयार झाले.

भाषांतराच्या पाठोपाठ परिभाषेचा प्रश्न आला. ‘फिजिक्स’ला काय म्हणायचे, ‘बॉटनी’ला काय? एक पक्ष म्हणे, इंग्रजी शब्द तसेच घ्या, जगाशी नाते राहील. दुसरा म्हणे, अरबी-फारसी धातूंवरून घडवा, भाषेचा तोल राहील. वहीदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा कशी घडवावी यावर १९२१ साली एक अख्खा ग्रंथ लिहिला आणि हिंदी शब्दांशीही सोयरीक करायला हरकत नाही, असे सुचवले. तबीइयात, नबातियात, मआशियात, नफ्सियात हे भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र या विषयांसाठीचे शब्द उर्दूत रुळले, ते अशाच मंडळींच्या खटाटोपातून. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठी परिभाषाकोशांच्या वेळी आपल्याकडे जे वाद झाले, संस्कृताळलेला शब्द की इंग्रजी की बोलीतला, ते हैदराबादेत चाळीस वर्षे आधीच झडून गेले होते. आपल्यापैकी फार थोड्यांनी त्यांची चौकशी केली.

विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते नवाब हबीबुर रहमान खान शेरवानी. ते अलीगढकडचे, जुन्या हस्तलिखितांचे शौकीन विद्वान. मराठी वाचकाला त्यांची आणखी एक ओळख सांगता येईल. १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात कैदेत असताना मौलाना आझादांनी जी पत्रे लिहिली आणि जी ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने उर्दू गद्याचा मानदंड ठरली, ती या शेरवानींनाच उद्देशून आहेत. शेरवानींनी कुलगुरुपद थोडाच काळ सांभाळले. सुरुवातीची कुलगुरुपदे बरीचशी दरबारातल्या मानकऱ्यांकडे जात राहिली. विद्यापीठ हे सरकारचेच एक खाते आहे, ही समजूत तिथूनच रुजली. त्याची फळे पुढे दिसणार होती.

आता थोडे औरंगाबादकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे वळू. मौलवी अब्दुल हक हे हैदराबादला येण्यापूर्वी तिथे शिक्षण खात्यात अधिकारी होते. ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे काम १९१३पासून ते तिथूनच चालवीत. १९२३ साली तिथे उस्मानिया विद्यापीठाचे इंटरमीजिएट कॉलेज निघाले. ते आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय. अब्दुल हक तिथे प्राचार्य झाले. उत्तरेतून आलेल्या या माणसाने मराठवाड्यात राहून दखनी भाषेचे जुने ग्रंथ शोधले, छापले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला, यावर त्यांनी उर्दूत एक पुस्तक लिहिले. शाळेतल्या मुलाला वाटते की आपण शुद्ध मराठी बोलतो; पण त्याचे दप्तर, कागद, शाई, दौत, हजेरी, दाखला आणि तारीख हे सारे शब्द त्या वाटेने आलेले आहेत. हे शब्द कोणी आपल्यावर लादले म्हणून टिकले नाहीत. लोकांना ते कामाचे वाटले, म्हणून ते मराठी झाले.

याच अब्दुल हकांनी एका माळ्याचे व्यक्तिचित्र लिहिले आहे. त्याचे नाव नामदेव. औरंगाबादच्या बीबी का मकबरा या वास्तूच्या बागेत तो काम करी. अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातीतला, झाडांवर पोटच्या पोरांसारखी माया करणारा, कामात असतानाच मधमाश्यांच्या हल्ल्यात मेलेला. मोठ्या विद्वानांच्या आणि नवाबांच्या चित्रांबरोबर अब्दुल हकांनी या माळ्याचे चित्र ठेवले आणि उर्दू शाळांतल्या कितीतरी पिढ्यांनी ते पाठ्यपुस्तकात वाचले. एक मराठी मुलखातला माळी उर्दू साहित्यात अमर झाला. ही गोष्ट मला नेहमी हलवते. आणि ती आठवली की लगेच दुसराही प्रश्न मनात येतो. नामदेव पुस्तकात आला. पण नामदेवाचा मुलगा त्या कॉलेजात आला असता काय?

त्याचे उत्तर आकड्यांत आहे. निजामाच्या राज्यात सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी होती, चौथा हिस्सा मराठी, दहावा हिस्सा आणि वर थोडी कन्नड. उर्दू आपली भाषा सांगणारे दहांत एक. शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती. अशा राज्यात ‘मातृभाषेतून शिक्षण’ या तत्त्वाने विद्यापीठ उघडले आणि ते दहांतल्या एकाच्या मातृभाषेचे निघाले. बाकीच्या नवांसाठी उर्दू ही इंग्रजीइतकीच शिकून घ्यायची भाषा होती. मराठी आणि तेलुगू विद्यापीठात होत्या, पण विषय म्हणून. डॉ. ना. गो. नांदापूरकरांसारखे मराठीचे व्यासंगी प्राध्यापक तिथे होते. त्यांचे भाचे नरहर कुरुंदकर हैदराबादेतच शिकले. पण मराठीचा तास संपला की इतिहास, गणित, विज्ञान पुन्हा उर्दूत.

हा अन्याय होता आणि तो अन्यायच म्हटला पाहिजे. त्याच वेळी दुसरी एक गोष्टही सांगायला हवी. ही भाषा शिकून मराठवाड्यातल्या कितीतरी हिंदू घरांतली मुले वकील, डॉक्टर, शिक्षक झाली. त्यांच्या पदव्या, त्यांचे अर्ज, त्यांचे कोर्टातले युक्तिवाद उर्दूत होते. त्याच वेळी खेड्यापाड्यांतला मुसलमान शेतकरी, विणकर, अत्तार यांचे सारे व्यवहार मराठीत किंवा दखनीत चालत. दारुल तर्जुमाची उर्दू त्यालाही तितकीच दूरची होती. मी मुसलमान असून मराठीत कविता लिहितो, म्हणून उर्दूत का नाही, असे मला अनेकदा विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात धर्म आणि भाषा यांची जोडी पक्की असते. मराठवाड्याचा इतिहास ही जोडी मान्य करीत नाही. तिथे भाषेने माणसे वाटली गेली ती दरबाराजवळचे आणि दरबारापासून लांबचे अशी.

१९३८ साली हे सगळे उघड्यावर आले. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या कॉलेजच्या आणि मग हैदराबादच्या वसतिगृहांतल्या हिंदू विद्यार्थ्यांनी आपल्या प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी ऐकले नाही. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्या गीताविषयी मुसलमान समाजात तेव्हा वेगळी भावना होती आणि आजही त्यावर वाद होतात. पण तिथे प्रश्न गीत कोणी म्हणावे हा नव्हता. आपल्या प्रार्थनेच्या खोलीत ते म्हणणाऱ्या मुलाचे शिक्षण बंद करावे काय, हा होता. विद्यापीठाने उत्तर दिले, होय. राज्याचे पंतप्रधान त्या वेळी कोण होते? तेच अकबर हैदरी, ज्यांनी एकवीस वर्षांपूर्वी परक्या भाषेच्या ओझ्याखाली दबलेल्या विद्यार्थ्याची कड घेतली होती. विद्यापीठाचे शिल्पकार सत्तेच्या खुर्चीत बसले होते आणि विद्यार्थी दाराबाहेर उभे होते.

त्या मुलांना आधार दिला तो नागपूर विद्यापीठाने. तिथले कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. संस्थानाचा रोष, परीक्षांचे नियम, अर्धवट राहिलेली वर्षे, या सगळ्यांतून वाट काढून दिली. कुलगुरूच्या खुर्चीला काय करता येते, याचे हे उदाहरण आपण विसरू नये. या मुलांतच वरंगळकडचा एक विद्यार्थी होता. नागपूरनंतर तो पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकला, मराठी शिकला आणि पुढे त्याने हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी तेलुगूत नेली. त्याचे नाव पी. व्ही. नरसिंह राव. एका विद्यापीठाने हाकलले म्हणून एका भाषेचा दुसरीशी असा स्नेह जुळला.

विद्यापीठाच्या आत सगळेच दरबारी होते असेही नाही. याच विद्यापीठात शिकलेले आणि नंतर हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकवणारे मख्दूम मोहिउद्दीन नोकरी सोडून कम्युनिस्ट चळवळीत गेले, निजामाच्या राजवटीविरुद्ध लढले, भूमिगत झाले. उर्दू ही त्यांच्या कवितेची भाषा होती आणि बंडाचीही. १९३९ साली विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची भव्य इमारत खुली झाली. आराखडा बेल्जियमच्या अर्नेस्ट जास्पर यांचा. बाहेरच्या कमानी इस्लामी वळणाच्या, तर आतले खांब अजिंठा-वेरूळची आठवण करून देणारे. आदिकमेटचा तो परिसर एके काळी माह लका बाई चंदा या उर्दू कवयित्रीच्या जहागिरीत होता. दगडांत सारे राज्य एकत्र आले होते. वर्गांत यायला त्याला अजून वेळ होता.

सप्टेंबर १९४८मध्ये हैदराबाद भारतात विलीन झाले. त्यानंतर कुलगुरू झाले नवाब अली यावर जंग. त्यांनी हे पद पूर्वीही सांभाळले होते; नंतर ते निजामाच्या मंत्रिमंडळात गेले आणि रझाकारांचा जोर वाढला तेव्हा १९४७मध्ये बाहेर पडले. त्यांच्या वाट्याला विद्यापीठाचे माध्यम बदलण्याचे काम आले. उर्दू गेली. तिच्या जागी काय आले? तेलुगू आली नाही, मराठी आली नाही, कन्नडही नाही. इंग्रजी आली. तीस वर्षांची परिभाषा, तीनशेहून अधिक ग्रंथ, उर्दूतून शिकवायला तयार झालेले प्राध्यापक, हे सारे एका फटक्यात निरुपयोगी ठरले. याच विद्यापीठात शिकून जर्मनीत हायझेनबर्ग यांच्याकडे अभ्यास केलेले आणि काही काळ कुलगुरुपदही सांभाळलेले गणिती रझीउद्दीन सिद्दिकी १९५०मध्ये पाकिस्तानात गेले. मधल्या वर्गांत शिकणाऱ्या मुलांची काय त्रेधा उडाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

यात कोणाला दोष द्यावा? उर्दू माध्यम चालू ठेवणे नव्या लोकशाहीत अशक्य होते. नऊ जणांची तक्रार रास्त होती. पण त्या नऊ जणांनाही त्यांची भाषा मिळाली नाही, हे विसरून चालणार नाही. एका विद्यापीठाने सिद्ध करून दाखवले होते की शरीरशास्त्र आणि विद्युतशास्त्र देशी भाषेत शिकवता येते. तो धडा भाषा बदलून पुढे नेता आला असता. दारुल तर्जुमाच्या शेजारी तेलुगूचे आणि मराठीचे असेच दालन उघडता आले असते. ते झाले नाही. राजाची भाषा म्हणून जी प्रयोगशाळा उभी राहिली, ती राजा गेला तेव्हा त्याच्याबरोबर गेली. प्रजेच्या भाषांशी तिने वेळेवर नाते जोडले असते, तर तिच्या बाजूने बोलायला चार माणसे उभी राहिली असती.

अली यावर जंग यांचा पुढचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. राजदूत म्हणून अनेक देशांत राहून १९६५मध्ये ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू झाले. प्रवेशाच्या नियमांवरून तिथे वातावरण तापले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या जमावाने त्यांना जबर मारहाण केली. त्यातून ते वाचले आणि १९६८पर्यंत त्या पदावर राहिले. १९७०मध्ये ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि त्या नात्याने मराठवाडा विद्यापीठाचे कुलपती. ज्यांनी उस्मानियाचे एक पान मिटवले, तेच उस्मानियापासून वेगळ्या झालेल्या विद्यापीठाचे कुलपती झाले. १९७६मध्ये राज्यपालपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. वांद्र्याच्या वाक् आणि श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेला त्यांचे नाव आहे. ऐकू न येणाऱ्यांना भाषा मिळवून देणारी ती संस्था आहे.

त्यांच्यानंतर १९५२ ते १९५७ या काळात कुलगुरू होते डॉ. सूरी भगवंतम. सर सी. व्ही. रामन यांचे शिष्य, भौतिकशास्त्रज्ञ; पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक आणि संरक्षण मंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झाले. दरबारी नावांच्या मालिकेत आता प्रयोगशाळेतला माणूस आला होता. त्यांच्याच काळात, जानेवारी १९५३मध्ये, उस्मानिया विद्यापीठाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. ते उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले होते. मघाच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. नामदेव माळ्याच्या जातभाईंची मुले त्याच शहरात, त्याच विद्यापीठाच्या पदवीसाठी वर्गात बसली. पण त्यासाठी बाबासाहेबांना वेगळे दार बांधावे लागले.

१९५६मध्ये भाषावार राज्ये झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू सं. रा. डोंगरकेरी, पूर्वी मुंबई विद्यापीठाचे कुलसचिव. हैदराबादेत वकिलीचे शिक्षण घेतलेले शंकरराव चव्हाण यांच्यासारखी मुक्तिसंग्रामातली माणसे नव्या राज्याच्या कारभारात पुढे आली. उस्मानियाशी असलेला मराठवाड्याचा कागदोपत्री संबंध तिथे संपला.

तिकडे उस्मानियात एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. विद्यापीठ सरकारचे की समाजाचे? १९५७पासून डी. एस. रेड्डी कुलगुरू होते. आंध्र प्रदेश सरकारशी त्यांचे पटेना. १९६६मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती करून असे कलम घातले की, त्या वेळी पदावर असलेल्या कुलगुरूंचा कार्यकाल नवा माणूस नेमताच संपावा. एकाच माणसासाठी केलेला कायदा! रेड्डी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६७मध्ये न्यायालयाने ते कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केले. सत्तेच्या मर्जीवर कुलगुरू ठेवता किंवा काढता येणार नाही, हे त्या निकालाने सांगितले. दरबारी काळात रुजलेल्या समजुतीला दिलेले हे उत्तर होते. १९६९च्या तेलंगण आंदोलनात आणि २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य होईपर्यंत या विद्यापीठाचे आवार विद्यार्थ्यांच्या चळवळीचे केंद्र राहिले. १९३८ साली ज्या आवारातून मुलांना हाकलले, ते आवार मुलांनी आपले करून घेतले होते.

आणखी एका कुलगुरूंचे नाव घेतले पाहिजे. प्रा. जी. राम रेड्डी १९७७ ते १९८२ या काळात उस्मानियाचे कुलगुरू होते. तिथून ते हैदराबादच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले; देशातले ते पहिले मुक्त विद्यापीठ. १९८५मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची घडीही त्यांनीच बसवली. ज्याला वयाने, पैशाने, संसाराने कॉलेज नाकारले, त्याच्या घरी विद्यापीठ पाठवण्याची ही कल्पना. हैदराबादच्या त्या विद्यापीठाने तेलुगूतून धडे लिहून घेतले. १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, प्रा. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले, आणि मराठीतून पदवीपर्यंतची पुस्तके शेतकऱ्याच्या, गृहिणीच्या, कंडक्टरच्या हाती गेली. १९४८ साली जे राहून गेले, ते काही अंशी या बाजूच्या दाराने आत आले. उर्दूलाही १९९८मध्ये हैदराबादेतच मौलाना आझादांच्या नावाने स्वतंत्र राष्ट्रीय विद्यापीठ मिळाले. तिथे आता ती राजाची भाषा नाही, ज्यांना हवी त्यांची आहे.

आज आपण पुन्हा मातृभाषेतून उच्च शिक्षणाच्या गोष्टी करतो आहोत. २०२१पासून अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी आहे. २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. या आनंदाच्या गोष्टी आहेत. या वेळी उस्मानियाकडे पाहिले तर तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, विद्यापीठाआधी भाषांतराचे काम सुरू करावे लागते, आणि त्यासाठी उत्तम लेखकांना मानाने पगार द्यावा लागतो; परवानगीच्या कागदाने पुस्तक तयार होत नाही. दुसरी, कुलगुरू हा विद्यार्थ्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस हवा. केदारांचे नागपूर आणि १९३८चे उस्मानिया यांत फरक होता तो एवढाच.

तिसरी गोष्ट आपल्याला थोडी टोचणारी आहे. उस्मानियात उर्दू ज्या जागी होती, त्या जागी आज महाराष्ट्रात मराठी आहे. ती राज्यभाषा आहे, बहुसंख्यांची आहे, आणि तशी असणे रास्तच आहे. पण गडचिरोलीत गोंडी बोलणारे, नंदुरबारला भिली बोलणारे, मेळघाटात कोरकू बोलणारे, भिवंडी-मालेगावात उर्दू बोलणारे मूल जेव्हा मराठी शाळेच्या वर्गात बसते, तेव्हा त्याला आपण काय म्हणून दिसतो? त्याच्या घरच्या चार शब्दांना आपल्या पुस्तकात जागा आहे काय? दप्तर आणि दाखला जसे मराठीत येऊन मराठीचे झाले, तसे त्याचेही शब्द येतील काय? तसे झाले तर ते मूल मराठीला आपली म्हणेल आणि उद्या मराठीच्या बाजूने उभेही राहील. उस्मानियाने आपल्या आजोबांना हा प्रश्न विचारला नव्हता. आपण मात्र आपल्या वर्गातल्या मुलांना तो विचारू शकतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)